आतून ओली, बाहेरून सुकी

कचऱ्याची गाडी दारात उभी, मागे शेजारच्या काकू बादली घेऊन खोळंबलेल्या, आणि माझ्या मुठीत केचपच्या पुड्या. एकही फोडलेली नाही. स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर उघडता उघडेना, जोर लावून ओढला तर आत याच अडकून बसल्या होत्या. ओल्या कचऱ्याच्या कप्प्याकडे हात नेला तर गाडीवरचा मुलगा म्हणाला, "पन्नी गीले में नहीं, आंटीजी." प्लास्टिकच्या कप्प्याकडे वळले तर त्याने एक पुडी उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि परत माझ्या हातावर ठेवली. "ये तो भरी हुई है. खाली करके लाना." त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गाडीला कप्पे सहा आहेत, पण आतून ओली आणि बाहेरून सुकी अशी वस्तू त्यातल्या एकातही बसत नाही. गाडी गाणं वाजवत पुढे गेली. काकू म्हणाल्या, "अगं, राहू देत ना घरात, येतील कधी कामाला." त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा याच पुड्यांनी भरलेला आहे, हे मला माहीत आहे.

दुपारी कात्री घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. पुडीचा कोपरा कापायचा, तळापासून अंगठा दाबत वर यायचं, की एक लाल वळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात पडते. पुडीवर आठ ग्रॅम लिहिलेलं असतं, पण कितीही पिळली तरी थोडं आत राहतंच. म्हणून मग ती उभी चिरायची, उलटी करायची, नळाखाली धरायची. आतली बाजू चंदेरी. केळ्यांची सालं, चहाचा चोथा आणि त्यावर साचत चाललेला हा लाल ढीग. व्हिनेगरचा वास नाकात बसलेला. कुठल्या तरी शेतात टोमॅटो पिकला, कारखान्यात शिजला, साखर-मीठ पडून पुडीत बंद झाला, ट्रकने इंदूरला आला, कुणाच्या तरी पार्सलमधून माझ्या घरी पोचला, आणि आता देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जाऊन त्याचा गॅस होणार. 2022च्या फेब्रुवारीत सुरू झालेला तो प्लांट, रोज 550 टन ओला कचरा पचवायची त्याची ताकद. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. तेव्हा केचप अगदीच वाया गेला असंही म्हणता येत नाही. तरी हात चिकट होत होते, राग येत होता, आणि कुणावर यावा ते ठरत नव्हतं.

हे मागितलं कुणी होतं?

त्या ड्रॉवरची झडती घेतली तर आमच्या घराचा सगळा खाण्याचा इतिहास बाहेर आला. ओरेगॅनो, लाल मिरचीचे तुकडे, सोया सॉस, मेयोनेज, रेल्वेच्या जेवणातली मिठाची चपटी पुडी, लिंबाच्या वासाचा ओला रुमाल (आता पापडासारखा वाळलेला), बडीशेप-खडीसाखर, कागदात गुंडाळलेली टूथपिक, लाकडी चमचे. केचप तर कचोरीबरोबरही आलेला. मूगडाळीच्या कचोरीला केचप लावून खाणारा माणूस इंदूरमध्ये कुठे राहतो ते मला एकदा बघायचं आहे. घरी मागवलेलं जेवण आपण घरीच खातो. घरात चमच्यांचा स्टँड आहे, फ्रीजच्या दारात सॉसची बाटली उभी आहे, मीठ तर आहेच आहे. तरी पिशवीच्या तळाशी हा संसार येतो, कारण फुकट आलेली वस्तू परत कशी करायची हे कुणी शिकवलेलं नाही. आणि टाकवतही नाही, कारण आत खायची वस्तू आहे. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायला लावणाऱ्या घरात मी वाढले. आई दुधाच्या रिकाम्या थैल्या कापून, धुऊन दोरीवर वाळत घालायची; सांची डेअरीची निळी-पांढरी तोरणं मागच्या अंगणात कायम असायची, आणि महिन्याकाठी रद्दीवाला त्यांचे पैसे द्यायचा. ती आज असती तर तिने सगळ्या पुड्या बाटलीत पिळून ठेवल्या असत्या आणि त्या संपेपर्यंत आम्हाला बटाटेवड्याबरोबर चटणी मिळाली नसती.

या पुड्यांचा विषय डोक्यात असतानाच बहिणीची मुलगी आली. ती कॅलिफोर्नियात असते, सॅन होजेला. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीतून पार्सल आणलं होतं, आणि तिने पिशवी उलटी करताच म्हटलं, "मावशी, आमच्याकडे हे असं न मागता दिलं तर हॉटेलवाल्याला दंड होतो." मला वाटलं चेष्टा करते आहे. पण नाही. 2021च्या ऑक्टोबरात तिथे कायदा झाला आणि पुढच्या वर्षीच्या 1 जूनपर्यंत गावोगावच्या पालिकांनी त्याची अंमलबजावणी सुरू करायची होती. चमचे, काटे, सुऱ्या, चॉपस्टिक, स्ट्रॉ, कॉफी ढवळायच्या काड्या, सॉसच्या पुड्या आणि इवल्या वाट्या, हे सगळं गिऱ्हाइकाने मागितलं तरच द्यायचं. काटा-चमचा-टिश्यू एकत्र बांधून त्याचं पुडकं करायचं नाही, म्हणजे ज्याला नुसता चमचा हवा त्याच्या गळ्यात सुरी पडणार नाही. पहिल्या दोन वेळा समज, पुढे दिवसाला 25 डॉलर, आणि वर्षाला 300 डॉलरच्या वर दंड नाही. तिथल्या मानाने ही रक्कम किरकोळच, पण दंड भरण्यापेक्षा विचारणं सोपं म्हणून लोक विचारू लागले, असं तिचं म्हणणं. न्यूयॉर्क शहराचा असाच कायदा 2023च्या जुलैअखेर लागू झाला. त्यात टिश्यूसुद्धा आहेत. पहिलं जवळजवळ वर्षभर नुसती ताकीद आणि मग 50 डॉलरपासून 250 डॉलरपर्यंत दंड.

मी आधी हसले. सॉस देऊ नका म्हणून विधानसभेत कायदा करावा लागणारा देश! पण त्याच देशात, त्याच 2021 साली, एप्रिलमध्ये केचपच्या पुड्यांचा तुटवडा पडला होता. करोनाने सगळे हॉटेलात बसायचे ते पार्सल न्यायला लागले, टेबलावरच्या बाटल्या पडून राहिल्या आणि पुड्या संपल्या. हाइन्झ कंपनीने तेव्हा जाहीर केलं की उत्पादन एक चतुर्थांशाने वाढवून वर्षाला 12 अब्ज पुड्यांवर नेतो. वसंतात पुड्या वाढवायचा निर्णय, शरदात त्या न मागता देऊ नयेत असा कायदा. त्या 12 अब्जांतल्या किती न फोडता कुणाच्या ड्रॉवरमध्ये गेल्या असतील, हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण विकणाऱ्याच्या वहीत ती पुडी खपलेलीच असते.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. उलट आपला जास्त कडक. 1 जुलै 2022पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, ताटल्या, पेले, स्ट्रॉ, ढवळण्या, अगदी मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा बंद. करायचं नाही, साठवायचं नाही, विकायचं नाही. महाराष्ट्रात तर 2018लाच झालं होतं हे. झालं काय, तर प्लास्टिकचा चमचा गेला आणि लाकडी आला. तोच आकार, तीच जागा, टिश्यूच्या त्याच गुंडाळीत. लाकडी चमच्याची एक कडा कायम खरखरीत असते आणि जिभेला लागली की अंगावर काटा येतो. आमरस त्याने खाऊन पाहावा, म्हणजे आंबा सुतारकामाच्या दुकानातून आल्यासारखा लागतो. पण मुद्दा चवीचा नाही. आपण चमचा कशाचा असावा हे ठरवलं. तो द्यावा की नाही, हे विचारलंच नाही. तिकडच्या कायद्याला चमचा कशाचा याच्याशी घेणंदेणं नाही, लाकडाचा असला तरी मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आणि सॉसची पुडी आपल्या बंदीच्या यादीत नाहीच. गंमत म्हणजे गुटख्याच्या, तंबाखूच्या, पानमसाल्याच्या प्लास्टिक पुड्यांना आपले नियम पूर्वीपासून मनाई करतात. केचप बिचारा सज्जन, त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. प्लास्टिक, ॲल्युमिनियम, परत प्लास्टिक असे थर एकमेकांना चिकटवून केचपची पुडी होते. ते थर सुटे करणं कुणाला परवडत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या बायका तिला हात लावत नाहीत, कारण पोतंभर गोळा केली तरी काट्यावर वजन येत नाही. अशा मालाचं शेवटचं ठिकाण बहुतेक सिमेंटची भट्टी.

पुडीची ही कल्पना मुळात वाईट नव्हती, हेही म्हटलं पाहिजे. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला तो ज्याला बाटली परवडत नाही त्याच्यासाठी. आमच्या लहानपणी शनिवारी दुकानातून एक पुडी आणायची, दोघी बहिणींनी अर्धी अर्धी, आणि केसांना त्या दिवशी येणारा वास सोमवारपर्यंत पुरवायचा. तिथे पुडी म्हणजे मोजकं होतं. पार्सलमध्ये तीच पुडी उधळपट्टी झाली.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कायद्याची नाही. मागितलं तरच द्यायचं, हे ऐकायला जितकं सरळ वाटतं तितकं आमच्या घरात ते सरळ नाही. आम्हाला शिकवलं ते उलटं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काही मागायचं नाही, पानात येईल ते खायचं. आणि आपल्या घरी कुणी आलं तर त्याच्यावर मागायची वेळ येऊ द्यायची नाही. रामबागेत आमच्या वाड्यात पंगती बसायच्या तेव्हा पहिलं वाढणं कशाचं, तर मिठाचं. डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. भात यायच्या आधी ही डावी बाजू भरलेली. कुणाला चटणी हवी का असं विचारत फिरणारा वाढपी मी पाहिलेला नाही. तसं विचारणं म्हणजे यजमानाचा कंजूसपणा गावभर होणं. आमच्या एका आत्याबाईंना तिखट चालत नसे, तरी त्यांच्या पानात ठेचा पडायचा, आणि त्या तो शेवटी भाताच्या आड सरकवून ठेवायच्या. म्हणजे न मागता वाढणं आणि ते वाया जाणं ही जोडी केचपपेक्षा जुनी आहे. फरक इतकाच की आत्याबाईंचा ठेचा पत्रावळीसकट उकिरड्यावर जायचा आणि पावसाळ्याच्या आत त्याची माती व्हायची.

पत्रावळ म्हटलं की हल्ली सगळे हळवे होतात. पळसाची पानं, द्रोण, पर्यावरणाची काळजी घेणारे पूर्वज. पानं चांगलीच, त्यात वाद नाही. द्रोणातल्या गरम बासुंदीचा हिरवट वास मलाही आठवतो. पण एकदा वापरून फेकायची आपली जुनी आवड निसर्गाच्या प्रेमातून आली असं मला वाटत नाही. ती आली उष्ट्याच्या धाकातून. कुणाचा हात कशाला लागला, कुणी कशातून प्यायलं, याची केवढी मोजदाद चालायची! आजीच्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कप पालथा घातलेला असे, कान तुटलेला. भांडी घासायला येणारी बाई त्यातून चहा प्यायची आणि स्वतःच विसळून परत पालथा घालायची. घरातल्या कपबशा ती रोज घासत होती, पण त्यातून पिण्याचा हक्क तिला नव्हता. गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवायची रीत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. अशा देशात प्लास्टिकचा पेला आला आणि त्याने निदान एक केलं: सगळ्यांच्या हातात तोच, आणि सगळ्यांचा त्याच टोपलीत. भेद त्याने मिटवला नाही, झाकला फक्त. पण ज्याने पालथा कप सोसला आहे त्याला "परत वापरायची भांडी" या शब्दांनी माझ्याइतका आनंद होईल असं मी गृहीत धरत नाही. इंदूरमध्ये बर्तन बँका निघाल्या. लग्नाला, भंडाऱ्याला स्टीलची ताटं-वाट्या न्यायच्या, वापरून परत करायच्या. मला फार आवडतं ते. एका ताटात आज कोण जेवलं आणि उद्या कोण जेवेल याचा पत्ता नसणं, यात नुसता कचरा वाचत नाही.

आणि मागण्याची दुसरी एक बाजू. बाबांना पॅरालिसिसचा झटका आल्यावर त्यांचा उजवा हात गेला आणि ओठांची एक कड खाली ओघळली. पेल्याने पाणी प्यायले तर अर्धं शर्टावर. मग औषधाच्या दुकानातून वाकणाऱ्या नळ्या आणल्या. सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याच्या दुकानांनी भरणाऱ्या सराफ बाजारात, शिकंजी (इंदूरची, लिंबाची नव्हे, दुधाची घट्ट) प्यायची त्यांची हौस तशीच होती. दुकानदाराकडे स्ट्रॉ मागायची झाली की ते माझ्याकडे बघायचे, मी मागायची. ते स्वतः कधी मागत नसत. चारचौघांत स्ट्रॉ मागणं म्हणजे आपलं तोंड चालत नाही हे सांगणं, असं त्यांना वाटायचं. म्हणून मला आपल्याकडची सरसकट बंदी कळते आणि रुचत नाही. कागदाची नळी त्या घट्ट शिकंजीत दोन घोटांत मऊ होते, तोंडाची पकड सुटलेल्या माणसाला ती निरुपयोगी. कॅलिफोर्नियात 2019पासून टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलांत स्ट्रॉ मागितल्यावरच मिळते, पण मिळते. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ती कपाटात आहे. बाबांना मागायचा संकोच झालाच असता, तो मी कमी लेखत नाही. पण मागूनही न मिळण्यापेक्षा तो बरा.

आपल्या पद्धतीत नेमकं उलट झालं आहे. ज्याला हवी त्याला ती नळी मिळत नाही, आणि ज्याला नको त्याच्या ड्रॉवरमध्ये लाकडी चमच्यांची मोळी.

माझा चुलतभाऊ लोकमान्य नगरच्या बाजूला नाश्त्याचं छोटं दुकान चालवतो. पोहे, साबुदाण्याची खिचडी, कचोरी, आणि गुरुवारी थालीपीठ, जे मराठी घरांतून हातोहात जातं. मी त्याच्याकडे तक्रार घेऊनच गेले होते. तो पॅकिंगच्या टेबलाशी उभा होता. त्याचा हात बघण्यासारखा चालतो: डब्यात पोहे, वर झाकण, शेवेची पुडी वेगळी, कांदा-कोथिंबिरीची वेगळी, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) वेगळं, चटणीच्या थैलीला रबरबँडचे दोन फेरे आणि तिसरा फिरवतानाच बोटाने हवा काढून टाकायची, मग दोन केचप, टिश्यूत गुंडाळलेला चमचा, पिशवीला स्टेपलची पिन. बोलता बोलता तीन पार्सलं झाली. मी म्हटलं, "अरे, ॲपवर तर आता चमचा हवा अशी खूण केल्याशिवाय चमचा नाही ना?" आहे तसं. घरपोच जेवणाच्या एका मोठ्या ॲपने 2021च्या ऑगस्टातच ती सोय उलटी केली, आधी नको म्हणावं लागायचं, आता हवं म्हणावं लागतं. तो म्हणाला, "ताई, बिलावर लिहून येतं, कटलरी नको. पण ते वाचायला वेळ कुणाला आहे? आणि ज्याने नको म्हटलं त्याला पाठवला तर तो काही बोलत नाही. ज्याने चुकून नको म्हटलं आणि त्याला ऑफिसात बसून हाताने खिचडी खावी लागली, तो एक तारा देतो." त्याने मला फोनवर दाखवलंसुद्धा. खिचडीबद्दल अक्षर नाही, खाली फक्त 'चम्मच नहीं भेजा' आणि एक तारा. त्या ताऱ्यामुळे दुकान यादीत खाली जातं. एका चमच्याची किंमत त्या ताऱ्यापुढे काहीच नाही, तेव्हा तो सगळ्यांनाच चमचा घालतो. मला राग कुणावर यावा ते त्या टेबलाशी उभं राहून थोडं कळलं, आणि तो याच्यावर तर नक्कीच नव्हता.

चीनमध्ये याचा मोठा प्रयोग झाला आहे. अलीबाबाच्या जेवण पोचवणाऱ्या ॲपवर काही शहरांत 'चमचा-काड्या नकोत' हा पर्याय आपोआप निवडलेला ठेवला आणि न घेणाऱ्याला झाड लावण्याचे गुण दिले. चमचा-काड्या न घेणाऱ्या ऑर्डरींचं प्रमाण 648 टक्क्यांनी वाढलं. 2023 साली 'सायन्स' या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शांघायने तर 2019च्या जुलैपासूनच न मागता द्यायला मनाई केली होती. मला त्या आकड्यापेक्षा हे जास्त पटलं की माणसं बदलावी लागली नाहीत. तीच माणसं, तीच भूक, खूण फक्त दुसऱ्या चौकटीत.

हे मी भावाला सांगितलं. त्याचं उत्तर मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. "एकट्याने केलं तर मी कंजूस. समोरचा दोन चमचे देतो, मी विचारत बसतो, तर गिऱ्हाईक तिकडे. सगळ्यांनाच नियम लावला तर मी म्हणणार, साहेब, माझ्या हातात नाही, वरून आलंय. मला तोच पाहिजे." मी कायद्याकडे आजवर दुकानदाराच्या डोक्यावरची टांगती तलवार म्हणून बघत होते. भावाला त्या कायद्याच्या आड उभं राहायचं होतं. न विचारता वाढणाऱ्या पंगतीत वाढलेल्या माणसाला हात आखडता घ्यायला कुणीतरी वरून सांगावं लागतं, म्हणजे कंजूसपणाचा ठपका सरकारच्या खात्यावर जातो. वर्षाला 300 डॉलरचा तो किरकोळ दंड मला आता इतका हास्यास्पद वाटत नाही. तो बहुधा वसूल करण्यासाठी नसावाच.

तरी माझ्या आग्रहाखातर त्याने काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना विचारून पाहायचं कबूल केलं. ॲपवाल्यांना नाही, समोर उभे राहतात त्यांना. मी बाकावर बसून ऐकत होते. "चम्मच-सॉस रखूँ?" पहिला म्हणाला, "रख दो भिया, पैसे थोड़ी लग रहे हैं." दुसऱ्या बाईंनी दोन मुलांचे म्हणून चार चमचे मागितले. एक मराठी आजोबा चक्क रागावले, "विचारता काय? द्यायचं नसेल तर सांगा तसं." मग एक कॉलेजचा मुलगा हेडफोन न काढताच मान हलवून नको म्हणाला आणि त्याच्यानंतरच्या दोघांनीही नको म्हटलं, पहिल्याचं ऐकून की काय कोण जाणे. भावाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काही केचप वाचले, दोन चमचे जास्त गेले, आणि आजोबांना त्याने आतून उठून स्वतःच्या हाताने पिशवी नेऊन दिली.

निघताना मी त्याला विचारलं, शेवेचं काय करशील, जीरावनाचं? कॅलिफोर्नियाच्या यादीत मीठ-मिरपूड, मसालेसुद्धा आहेत; पुडीत बांधलं तर आपलं जीरावनही त्यात बसेल. शेव वेगळी द्यावीच लागेल, तो म्हणाला, वाफेत टाकली की घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो, त्याला कायदा काय करणार. आणि जीरावन? "ते कशाला कुणी मागायला पाहिजे? पुडीच बांधणार नाही, पोह्यावर मीच भुरभुरवीन. ज्याला जीरावन नको त्याने माझ्याकडे पोहे घ्यायला येऊच नये."